एक नळ, चार बिऱ्हाडे : पाण्याच्या मीटरचा हिशेब

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे आणि कारखाने भाड्याच्या जागेत आहेत. त्याचबरोबर असेही वाचक आहेत की ज्यांनी धंद्यात दोन पैसे जमवून चार खोल्यांची चाळ बांधली, किंवा घरावर एक मजला चढवून तो भाड्याने दिला. म्हणजे घरमालक आणि भाडेकरू हे दोघेही हे पान वाचतात. म्हणून आज आपण अशा एका विषयाचा विचार करू की ज्यात दोघांचेही नुकसान होते आणि जो थोड्या लिखापढीने मिटू शकतो. तो विषय म्हणजे पाण्याच्या मीटरचा हिशेब.

परिस्थिती साधारण अशी असते. नगरपालिकेची जोडणी एक, मोठे मीटर एक आणि ते मालकाच्या नावावर. त्या जोडणीवर चार बिऱ्हाडे पाणी भरतात. पूर्वी बिल चार भागांत वाटले जाई. पुढे कोणीतरी म्हणतो, "आमच्या घरात तीन माणसे, त्यांच्याकडे बारा कारागीर, मग पैसे सारखे कसे?" म्हणून प्रत्येक खोलीला छोटे मीटर बसते. सर्वांना वाटते की आता तकरार संपली. प्रत्यक्षात पहिल्याच बिलाला नवी तकरार सुरू होते, कारण छोट्या मीटरांची बेरीज मोठ्या मीटरच्या आकड्याशी जुळत नाही. मालक म्हणतो, "मला पालिकेला पूर्ण पैसे भरावे लागतात." भाडेकरू म्हणतो, "माझ्या मीटरवर आहे तेवढेच मी देईन."

यात बहुतेक वेळा कोणीही बेइमान नसतो. मधला फरक कोणी द्यायचा हे आधी ठरलेले नसते, एवढेच. हा फरक का पडतो, तो कसा वाटावा, आणि तो वाटून घेतला नाही तर गोष्ट कोठपर्यंत जाते, हे आपण क्रमाने पाहू.

आधी बिल वाचून पाहा

पाण्याच्या बिलात एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १००० लिटर. घरातील २० लिटरच्या बादलीने मोजले तर ५० बादल्या. एवढे लक्षात ठेवले तरी बिल समजू लागते.

मुंबई महानगरपालिकेच्या बिलात पाणी आकार वेगळा असतो आणि त्याच्यावर मलनिस्सारण आकार वेगळा लागतो. हा दुसरा आकार पाणी आकाराच्या ७० टक्के असतो. म्हणजे पाण्याचे १०० रुपये झाले तर बिल १७० रुपयांचे होते. त्यात मागील बाकी आणि उशिराचा जादा आकार मिळाला की रक्कम आणखी फुगते. भाडेकरूला फक्त शेवटची रक्कम सांगितली जाते आणि त्याला वाटते की मालकाने आकडा वाढवला. म्हणून पहिला नियम असा की मूळ बिलाची प्रत सर्वांना दाखवावी. मागील बाकी कोणाच्या काळातील आहे तेही त्यातच दिसते. मालकाने बिल वेळेवर न भरल्यामुळे जो जादा आकार लागला, तो भाडेकरूंवर टाकणे योग्य नाही. उलट भाडेकरूंनी पैसे उशिरा दिल्यामुळे तो लागला असेल, तर तो ज्याच्यामुळे लागला त्यानेच द्यावा.

दुसरी गोष्ट वर्गाची. घरगुती वापराचा दर वेगळा आणि धंद्याच्या वापराचा वेगळा. मुंबईत जून २०२२ मध्ये दरवाढ झाली. त्यानंतर इमारतींतील घरगुती पाण्याचा दर युनिटला सुमारे ६ रुपये आणि व्यापारी आस्थापनांचा सुमारे ४८ रुपये होता. हा फरक सात-आठ पटींचा आहे. ज्यांच्या चाळीत एका खोलीत जरीचा कारखाना, शिलाईचे काम किंवा रंगाई-धुलाई चालते, त्यांच्यासाठी खरा प्रश्न इथेच आहे. त्याकडे आपण पुढे उदाहरणात येऊ.

तिसरी गोष्ट मालमत्ता कराच्या बिलाची. मुंबईत त्या बिलातही जल लाभ कर नावाची रक्कम असते. ती पाहून काही भाडेकरू म्हणतात की मालक पाण्याचे पैसे दोनदा घेतो. तसे नाही. मीटरवर मोजलेल्या पाण्याचा आकार आणि मालमत्तेवरील जल लाभ कर या दोन निराळ्या बाबी आहेत. मात्र ज्या पाण्याचा आकार मीटरने घेतला जातो, त्याच पाण्यासाठी जल कर म्हणून पुन्हा रक्कम लावली आहे काय, हे जरूर तपासावे.

सर्व शहरांची पद्धत एक नाही. नागपुरात २०१२ पासून पाणीपुरवठ्याचे काम खासगी कंपनीच्या भागीदारीने चालू झाले आणि तेथे मीटरच्या वापरावर बिल होते. पुष्कळ लहान शहरांत मात्र नळाच्या जाडीवर, म्हणजे अर्धा इंच की पाऊण इंच यावर, वर्षाची ठराविक पाणीपट्टी असते. तेथे छोटी मीटर बसवण्याचा खर्च करण्यापूर्वी विचार करावा. पट्टी ठराविक असेल तर ती घरातील माणसे मोजून वाटणे सोपे आणि स्वस्त पडते.

मीटर किती खरे बोलते?

आमच्या कापडाच्या धंद्यात गज बदलून मीटर आला तेव्हाही लोकांना वाटले होते की आता मापाचा झगडा राहणार नाही. पण मोजणारी वस्तू कितीही चांगली असली तरी तिला तिची मर्यादा असते. पाण्याच्या मीटरचेही तसेच आहे.

घरगुती मीटरसाठी भारतीय मानक आय.एस. ७७९ आहे. त्यानुसार नळ नेहमीच्या धारेने चालू असताना मीटरची चूक २ टक्क्यांपर्यंत चालते, आणि अगदी बारीक धारेला ५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे १०० युनिट पाणी गेले आणि मीटरने ९८ किंवा १०२ दाखवले तरी ते मीटर मानकाप्रमाणे बरोबरच आहे. एक-दोन युनिटांवरून शेजाऱ्याशी बोलणे बंद करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. खरेदी करताना मानकाचे चिन्ह असलेले मीटरच घ्यावे, आणि सर्व खोल्यांना एकाच मापाचे व एकाच वर्गाचे मीटर बसवावे. निरनिराळ्या बनावटीची मीटरे म्हणजे प्रत्येकाच्या हातात निराळा गज.

मीटर वाचणे अवघड नाही. काळे आकडे पूर्ण युनिट दाखवतात. लाल आकडे किंवा लाल काटे युनिटपेक्षा कमी, म्हणजे लिटरांचा हिशेब दाखवतात. बिलासाठी काळे आकडे घ्यावेत. तबकडीवर एक लहानशी चक्री असते. सर्व नळ बंद करून ती पाहावी. चक्री फिरत असेल तर कोठेतरी पाणी जात आहे.

मीटरबद्दल शंका असेल तर बादलीने परीक्षा घ्यावी. आकडा लिहून ठेवा, लिटरची खूण असलेल्या २० लिटरच्या ५ बादल्या नेहमीच्या धारेने भरा, पुन्हा आकडा पाहा. फरक १०० लिटरच्या आसपास आला पाहिजे. ही परीक्षा मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून, एका तिसऱ्या माणसासमोर करावी. एकट्याने केलेली परीक्षा दुसरा मानत नाही.

मधली घट कोठून येते?

गिरणीतून आलेले ठाण कापून ग्राहकांना विकले की तुकड्यांची बेरीज ठाणावरील आकड्याएवढी येत नाही. थोडे कापण्यात जाते, थोडे काठाला जाते. व्यापारी ती घट आधीच धरून चालतो. पाण्यातही मोठे मीटर आणि छोटी मीटरे यांत घट राहतेच. तिची मुख्य कारणे पाच.

१) जमिनीखालच्या किंवा गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बिघडलेला असतो. टाकी भरून वाहते. ते पाणी मोठ्या मीटरवर लागते, पण कोणाच्याही छोट्या मीटरवर येत नाही.

२) टाकीपासून खोल्यांपर्यंतच्या पाइपात गळती असते.

३) सामाईक नळ, जिना धुणे, मालकाने काढलेले बांधकाम, यांना मीटर नसते.

४) बारीक धार मीटरला पकडता येत नाही. काही लोक रात्री नळ थेंबथेंब सोडून पिंप भरतात. त्यांचे छोटे मीटर जवळजवळ हलत नाही. पण टाकीतून गेलेले पाणी पालिकेच्या नळातून पुन्हा भरले जाते आणि मोठे मीटर ते पूर्ण धारेने मोजते.

५) सर्व मीटरांचे आकडे एकाच दिवशी घेतलेले नसतात. पालिकेने आकडा घेतला महिन्याच्या पाच तारखेला आणि मालकाने खोल्यांचे आकडे घेतले वीस तारखेला, तर बेरीज जुळणार कशी?

याच्या उलटही घडते. जेथे पाणी दिवसातून थोडा वेळच येते आणि छोटे मीटर थेट पालिकेच्या नळाच्या ओळीवर असते, तेथे पाणी येण्याआधी पाइपातील हवा जोराने बाहेर पडते आणि चक्री फिरवते. अशा घरात मीटर खऱ्या वापरापेक्षा जास्त दाखवू शकते. टाकीतून उतरणाऱ्या पाइपावर मीटर बसवले तर हा त्रास बराच कमी होतो.

चौथ्या कारणाचा थोडा हिशेब करून पाहू. एखादा नळ दहा मिनिटांत एक लिटर गळतो असे धरा. दिवसाला १४४ लिटर झाले. ६० दिवसांत ८,६४० लिटर, म्हणजे साडेआठ युनिटांहून जास्त. ही गळती ज्याच्या खोलीत आहे त्याच्या मीटरवर ती नीट दिसणारही नाही, पण सर्वांच्या घटीत ती येईल. म्हणून "माझ्या मीटरवर आहे तेवढेच देईन" हे म्हणणे ऐकायला बरोबर वाटते, पण पूर्ण बरोबर नाही. घट ही एकट्या मालकाचीही नसते आणि एकट्या भाडेकरूचीही नसते.

चार बिऱ्हाडांचे उदाहरण

हिशेब सोपा व्हावा म्हणून घरगुती दर युनिटला ६ रुपये, धंद्याचा दर ४८ रुपये आणि मलनिस्सारण आकार ७० टक्के असे धरू. बिल ६० दिवसांचे. तीन कुटुंबांच्या मीटरवर १८, २२ आणि १४ युनिट आले. चौथ्या खोलीत कारखाना आहे, तेथे कारागीर राहतातही. त्यांच्या मीटरवर ३६ युनिट आले. बेरीज ९०. मोठे मीटर म्हणते १००. म्हणजे घट १० युनिटांची.

पूर्ण जोडणी घरगुती वर्गात असेल तर पाण्याचे ६०० रुपये, मलनिस्सारणाचे ४२०, एकूण बिल १,०२० रुपये. ते चार भागांत सारखे वाटले तर प्रत्येकी २५५ रुपये येतात. १४ युनिटवाल्यावर हा अन्याय आहे. त्याऐवजी १,०२० ला ९० ने भागा. युनिटला ११ रुपये ३३ पैसे पडतात. आता १४ युनिटवाल्याचे १५८ रुपये ६७ पैसे, १८ वाल्याचे २०४, २२ वाल्याचे २४९ रुपये ३३ पैसे आणि कारखान्याचे ४०८ रुपये होतात. घट आपोआप वापराच्या प्रमाणात वाटली गेली, मालकाच्या पदरचे काही गेले नाही आणि मालकाला काही उरलेही नाही. घट वाजवी असेल तर ही रीत सर्वांत बरी.

आता दुसरी बाजू पाहा. पालिकेच्या तपासणीत कारखाना दिसला आणि पूर्ण जोडणी धंद्याच्या वर्गात गेली असे समजा. तेच १०० युनिट, पण पाण्याचे ४,८०० रुपये आणि मलनिस्सारणाचे ३,३६०, एकूण ८,१६० रुपये. आधीच्याच रीतीने वाटले तर १४ युनिट वापरणाऱ्या लहान कुटुंबाला १५८ रुपयांऐवजी १,२६९ रुपये द्यावे लागतील. त्याने पाणी एक बादलीही जास्त वापरलेले नाही. इथून जी तकरार सुरू होते ती मग मिटत नाही.

इन्साफ काय म्हणतो? तीन कुटुंबांनी घरगुती दरानेच द्यावे. ७,१४० रुपयांचा जो फरक पडला तो ज्याच्या वापरामुळे पडला त्याचा. पण मालकाने खोली धंद्यासाठी म्हणूनच दिली असेल आणि त्याप्रमाणे जास्त भाडे घेतले असेल, तर त्यालाही हात झटकता येणार नाहीत. त्याने खोली देतानाच वेगळ्या जोडणीची सोय पाहायला हवी होती.

वेगळी जोडणी घेतली तर काय होते तेही पाहू. घट वापराच्या प्रमाणात धरली तर कारखान्याचे ४० युनिट आणि कुटुंबांचे ६० युनिट होतात. कारखान्याचे बिल १,९२० अधिक १,३४४, म्हणजे ३,२६४ रुपये. तिन्ही कुटुंबांचे मिळून ३६० अधिक २५२, म्हणजे ६१२ रुपये. दोन्ही बिलांची बेरीज ३,८७६ रुपये. एकाच जोडणीवर ८,१६० आणि वेगळ्या जोडणीवर ३,८७६. एका बिलामागे ४,२८४ रुपये वाचले आणि शेजाऱ्यांशी संबंधही टिकले. जोडणीचा एकवेळचा खर्च काढून पाहा आणि तो किती बिलांत निघतो याचा हिशेब मांडा.

काही कारागीर बांधव म्हणतील, "आजवर कोणी तपासले नाही, घरगुती दरानेच चालले आहे, मग कशाला छेडायचे?" घरगुती दराने धंद्याचे पाणी वापरणे हा फायदा नाही, ती न लिहिलेली उधारी आहे. ती कधीही मागील काळासकट मागितली जाऊ शकते, आणि त्या वेळी ती शेजारच्या गरीब कुटुंबाच्याही गळ्यात पडते.

दोघांचे म्हणणे ऐकावे

जुन्या पागडीच्या इमारतींचे मालक म्हणतात की आमचे भाडे कमी आणि पाण्याचे बिल त्याहून जास्त. या म्हणण्यात तथ्य आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलेले होते. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात प्रमाण भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिले नाही असे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. पण मूळ भाडेच लहान असले तर ४ टक्क्यांनी किती फरक पडणार? असा मालक पाण्याचे पैसे स्वतःच्या खिशातून भरू शकत नाही, हे भाडेकरूने समजून घेतले पाहिजे.

भाडेकरूचे म्हणणेही खरे आहे. पाणी त्याच्या चुलीशी बांधलेले आहे. मालकाच्या हातात कॉक आहे, भाडेकरूच्या हातात काही नाही. दोन पैसे जास्त मागितले तरी तो गप्प बसतो, आणि मनात मात्र हिशेब ठेवतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील तीन-चार गोष्टी प्रत्येक मालकाने आणि भाडेकरूने जाणून घ्याव्यात.

कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडता किंवा रोखता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि सफाई या अत्यावश्यक सेवा आहेत. कॉक मालकाने स्वतः बंद केला काय किंवा माणसाकरवी बंद केला काय, गुन्हा एकच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालकाच्या कसुरीमुळे, उदाहरणार्थ त्याने बिल भरले नाही म्हणून, पालिकेने पाणी तोडले तरी ते मालकानेच रोखले असे धरले जाते. भाडेकरूला न्यायालयात अर्ज करता येतो. न्यायालय अंतरिम हुकूम देऊ शकते, ठराविक तारखेपर्यंत पाणी चालू करण्यास सांगू शकते, आणि त्यानंतरही चालू केले नाही तर दररोज १०० रुपयांपर्यंत दंड करू शकते. असे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र तेथील सक्षम दिवाणी न्यायालयात चालतात.

कलम २६ प्रमाणे मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाण्याचे पैसे घेतले आणि पावती दिली नाही, तर मालक स्वतःच्याच हाताने आपली बाजू कमजोर करतो.

कलम ११ मध्ये पालिकेचा कर किंवा आकार वाढल्यास ती वाढ भाडेकरूकडून घेण्याची तरतूद आहे, पण जेवढी वाढ झाली त्याहून जास्त घेता येत नाही. म्हणजे पाण्यावर नफा काढण्यास वाव नाही.

भाडेकरूंनी कलम १५ लक्षात ठेवावे. भाडे आणि कायद्याने मान्य वाढ देण्यास जो तयार आहे, त्याला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. पण बाकी राहिली, मालकाने लेखी नोटीस दिली आणि ९० दिवस उलटले, तर दावा लागू शकतो. दाव्याचे समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत बाकी १५ टक्के व्याजासह भरून जागा वाचवण्याची संधीही त्याच कलमात आहे. पाण्याची रक्कम भाड्याच्या हिशेबात धरली गेली तर दीडशे रुपयांची तकरार घर खाली करण्याच्या दाव्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून रागाच्या भरात भाडे आणि पाणी दोन्ही बंद करणे हा शहाणपणा नव्हे.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर, राहणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. कलम २९ मध्ये शब्द भाडेकरू असा आहे. त्यामुळे पाण्याच्या अटी त्यांनी करारातच लिहून घ्याव्यात. तो करार कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो. काही लोक केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याचा दाखला देतात. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो राज्यात लागू होत नाही.

कागदावर काय असावे?

उधारीचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याबद्दल कुरआनच्या सूरह बकरामध्ये, २८२ व्या आयतीत, तपशीलवार आदेश आहे, आणि ती कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे. दुकानात आपण ते पाळतो. मग घराच्या दारात "आपसात काय लिहायचे?" असे का म्हणतो? करारात किंवा साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी पुढील गोष्टी असाव्यात :

१) मोठ्या आणि छोट्या मीटरचा क्रमांक, आणि राहायला आल्याच्या दिवसाचा आकडा. मोबाइलवर फोटो काढून दोघांनी ठेवावा.

२) आकडे घेण्याचा दिवस. पालिका ज्या सुमारास आकडा घेते त्याच दिवशी सर्व खोल्यांचे आकडे घ्यावेत आणि एका वहीत लिहावेत. वही कोणालाही केव्हाही पाहता यावी.

३) घट वापराच्या प्रमाणात वाटावी, पण तिला हद्द असावी. उदाहरणार्थ, मोठ्या मीटरच्या दहा टक्क्यांपर्यंत सर्वांची. त्याहून वरची मालकाची, कारण टाकी आणि पाइप त्याच्या ताब्यात आहेत. अशी हद्द असली की मालक फ्लोट वेळेवर दुरुस्त करतो.

४) खोलीतील नळ गळत असेल तर दुरुस्ती किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने.

५) मीटर बंद पडले तर मागील तीन बिलांची सरासरी धरावी.

६) सामाईक नळ, बांधकाम आणि टँकर यांचा हिशेब वेगळा.

७) खोलीत धंदा करायचा असेल तर दराचा फरक कोणाचा, आणि वेगळी जोडणी कोण घेणार.

८) पाण्याची पावती भाड्याच्या पावतीपासून वेगळी.

९) खोली सोडताना शेवटचा आकडा आणि हिशेब पूर्ण. जाणाऱ्याची बाकी येणाऱ्यावर टाकू नये.

तकरार झालीच तर

पहिले, जेवढी रक्कम आपल्याला कबूल आहे तेवढी लगेच द्यावी, आणि ती बँकेतून किंवा मोबाइलवरून द्यावी म्हणजे नोंद राहते. सोबत दोन ओळी लिहाव्यात की अमुक रक्कम कबूल आहे, अमुक रकमेबद्दल हिशेब पाहिजे.

दुसरे, मीटर तपासावे. मोठ्या मीटरबद्दल शंका असेल तर ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने पालिकेच्या जल विभागाकडे लेखी अर्ज करावा. छोटी मीटरे खासगी असतात, त्यांची परीक्षा दोघांनी मिळूनच करून घ्यावी.

तिसरे, मोहल्ल्यातील हिशेब समजणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वही दाखवावी. पुष्कळ झगडे वही उघडल्याबरोबर मिटतात. वहीच नसेल तर वडीलधारा माणूस तरी काय करणार?

चौथे, मालकाने कोणत्याही परिस्थितीत कॉक बंद करू नये. बाकी वसूल करण्याचा रस्ता नोटीस आणि न्यायालय हा आहे. भाडेकरूनेही मीटरचे सील तोडणे, मीटर वळवून नळ जोडणे, किंवा पालिकेच्या ओळीवर थेट मोटार लावणे असे काही करू नये. त्याने आपलीच न्याय्य बाजू चोरीच्या बाजूला जाते.

पुढचे बिल येईल त्या दिवसापासून हे काम सुरू करता येते. एक वही, प्रत्येक मीटरचा आजचा आकडा, तारीख आणि सर्वांच्या सह्या. मालक असाल तर वही आपण आणा, भाडेकरू असाल तर मालकाकडे आपण मागा. ज्यांच्या खोलीत कारखाना आहे त्यांनी त्याच दिवशी वेगळ्या जोडणीचा अर्जही लिहून ठेवावा.